कैलासाच्या वाटेवरील पहारा

कैलास-मानसरोवराला निघालेल्या माणसाला सीमेवर जे विचारले जाते, निघण्यापूर्वी त्याच्याकडून जे लिहून घेतले जाते आणि त्याच्या सामानातून जे काढून ठेवले जाते, ते पाहून त्याला प्रथम नवल वाटते आणि मग थोडा राग येतो. देवदर्शनाला चाललेल्या निरुपद्रवी माणसाची एवढी झडती कशासाठी, असे तो विचारतो. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या वाटेने तो चालला आहे तिचा इतिहास त्याला ठाऊक असता, तर निदान नवल तरी वाटले नसते. पश्चिम तिबेटच्या खिंडींतून यात्रेकरूंच्या वेषात जी माणसे आजवर गेली, ती सगळीच यात्रेकरू नव्हती. आणि ही गोष्ट तेथील अंमलदारांच्या ध्यानात फार पूर्वीच आली होती.

अशा माणसांपैकी एकाचा संबंध थेट गोव्याशी पोचतो. आंतोनियु द आंद्राद हा पोर्तुगीज जेझुइट पाद्री १६०० साली गोव्यास आला आणि पुढे मोगल मुलखातील मोहिमेचा प्रमुख म्हणून आग्र्यास गेला. हिमालयापलीकडे ख्रिस्ती धर्माच्या हरवलेल्या वसाहती असाव्यात, अशी त्या काळी एक समजूत होती. तिचा छडा लावण्यासाठी १६२४ साली तो व मानुएल मार्किश हे दोघे उत्तरेकडे निघाले आणि बदरीनाथला चाललेल्या यात्रेकरूंच्या तांड्यात हिंदू वेषाने मिसळले. गढवालातील श्रीनगर येथे त्यांना अडवून त्यांची चौकशी झाली. सुटका झाल्यावर माणा खिंडीच्या बर्फातून वाट काढीत आंद्राद त्याच वर्षी गूगे राज्याच्या राजधानीत, त्सापरांग येथे, पोचला. तेथील राजाने त्याचे आदराने स्वागत केले. पुढे तेथे चर्चही उभे राहिले. मोहीम मात्र फार काळ टिकली नाही. आंद्राद १६३४ साली गोव्यातच वारला.

त्यानंतर १८१२ साली विल्यम मूरक्रॉफ्ट आला. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या घोड्यांच्या पैदाशीवरचा अधिकारी. चांगले घोडे आणि शालीच्या लोकरीच्या शेळ्या शोधण्यासाठी तो आणि त्याचा सोबती हिअर्सी गोसाव्यांचा वेष घेऊन नीती खिंडीतून मानसरोवरापर्यंत गेले. परतताना गुरख्यांनी दोघांना अटकेत ठेवले होते.

ह्या सर्वांवर कडी केली ती कुमाऊंच्या नैनसिंगाने. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कॅप्टन माँटगोमेरी ह्याच्या हाताखाली तयार झालेला हा भोटिया शिक्षक १८६५ साली निघाला, नेपाळमार्गे १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचला आणि मानसरोवराच्या बाजूने परत आला. त्याच्या हातातील जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावले पडली की एक मणी सरकवावयाचा. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राच्या कागदाऐवजी मोजमापांच्या चिठ्ठ्या होत्या. पारा कवड्यांत दडविलेला होता. पावलाची लांबी इतकी घोटवून घेतलेली होती, की चढावर वा उतरणीवर ती बदलू नये. ल्हासाची जागा नकाशावर निश्चित झाली ती ह्या जपमाळेमुळे. भूगोलशास्त्राच्या इतिहासात हे एक अद्भुत पर्व आहे, ह्यात शंका नाही. परंतु त्याची किंमत पुढच्या खऱ्या यात्रेकरूंनी भरली. जपमाळ हातात असणे हा सज्जनपणाचा पुरावा राहिला नाही. आजच्या वृद्ध यात्रेकरूचा ह्यात काडीचाही दोष नाही. संशय मात्र त्याच्याकडे वारसाहक्काने आला आहे.

सामान्य यात्रेकरूंची ये-जा तरीही चालूच राहिली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाटेवरचे मुख्य भय दरोडेखोरांचे आणि थंडीचे होते, कागदपत्रांचे नव्हते. स्वामी प्रणवानंदांनी ह्या प्रदेशात वर्षानुवर्षे वास्तव्य करून वाटा, मुक्काम, गुंफा आणि सरोवरे यांची तपशीलवार नोंद केली. त्यांचा ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. त्याला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे.

मग चित्र पालटले. १९५० साली चिनी सैन्य तिबेटात शिरले आणि २९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंग येथे भारत व चीन यांच्यात तिबेटशी होणारा व्यापार आणि दळणवळण यांविषयी करार झाला. ह्या कराराची प्रस्तावना सर्वांच्या तोंडी आहे, कारण पंचशीलाची पाच तत्त्वे तीत आहेत. त्यापुढची कलमे मात्र फारसे कोणी वाचीत नाही. आणि यात्रेकरूचा संबंध होता तो त्या कलमांशीच. शिपकी, माणा, नीती, कुंग्री-बिंग्री, दारमा आणि लिपुलेख ह्या सहा खिंडी व्यापाऱ्यांना व यात्रेकरूंना मोकळ्या राहतील, असे त्यांत ठरले. भारतातील हिंदू व बौद्ध यात्रेकरूंनी कैलास व मानसरोवर येथे जावे आणि तिबेटातील यात्रेकरूंनी काशी, सारनाथ, गया आणि सांची येथे यावे, असेही लिहिलेले होते. सर्वांत महत्त्वाची सवलत अशी, की यात्रेकरूने बरोबर कोणतेही प्रमाणपत्र बाळगण्याची आवश्यकता नव्हती. पलीकडच्या चौकीवर नाव नोंदवावयाचे आणि यात्रेचा परवाना घ्यावयाचा, एवढेच. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही. आजच्या अर्जदाराने हे कलम वाचले तर त्याला ते स्वप्नवत् वाटेल.

कराराची मुदत आठ वर्षांची होती. दरम्यान १९५९ च्या मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि सीमेवरील वातावरण बिघडले. जून १९६२ मध्ये मुदत संपली तेव्हा करार वाढविला गेला नाही. ऑक्टोबरात युद्धच सुरू झाले. ल्हासातील भारताची वकिलात त्याच वर्षी बंद झाली. पुढे जवळजवळ वीस वर्षे कैलास हा भारतीयांना चित्रातच दिसला. १९८१ साली चीनचे परराष्ट्रमंत्री ह्वांग ह्वा दिल्लीस आले, बोलणी झाली आणि त्या वर्षापासून लिपुलेखमार्गे यात्रा पुन्हा सुरू झाली. ती सुरू झाली ती मात्र नव्या रीतीने. पूर्वीचा यात्रेकरू आपल्या इच्छेने निघत असे. आताचा यात्रेकरू दोन सरकारांच्या संमतीने निघतो.

ही संमती किती नाजूक असते, ते अलीकडच्या काही वर्षांत दिसून आले. सिक्कीममधील नथु ला खिंडीतून दुसरी वाट २०१५ साली खुली झाली. ह्या वाटेवर पायी चालणे थोडे, म्हणून वडीलधाऱ्या मंडळींना ती सोयीची वाटली. दोनच वर्षांनी, जून २०१७ मध्ये, डोकलामचा पेच उभा राहिला आणि खिंडीपर्यंत पोचलेल्या यात्रेकरूंना परत फिरावे लागले. गंमत अशी, की त्याच उन्हाळ्यात लिपुलेखची वाट चालू होती. म्हणजे यात्रा होणार की नाही, हे यात्रेकरूच्या पुण्याईवर अवलंबून नसून तो कोणत्या खिंडीच्या यादीत आहे ह्यावर अवलंबून होते. २०२० साली कोविडच्या साथीमुळे यात्रा थांबली; त्याच वर्षी जूनमध्ये गलवानची चकमक झाली आणि साथ ओसरल्यावरही ती सुरू होऊ शकली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कझान येथे दोन्ही देशांच्या नेत्यांची भेट झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये यात्रा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात लिपुलेखमार्गे ५० जणांच्या ५ तुकड्या आणि नथु लामार्गे ५० जणांच्या १० तुकड्या पाठविण्याचे ठरले. म्हणजे सगळे मिळून ७५० यात्रेकरू. एवढ्या मोठ्या देशाला हा आकडा अगदीच तोकडा आहे. संगणकाद्वारे सोडत काढली जाते ती त्यामुळेच.

सोडतीच्या आधी अर्जाच्या अटी आहेत. अर्जदार भारताचा नागरिक हवा. त्याचे वय त्या वर्षीच्या १ जानेवारीस १८ ते ७० वर्षांच्या दरम्यान हवे. पासपोर्टची मुदत १ सप्टेंबरपासून पुढे किमान सहा महिने शिल्लक हवी. उंचीच्या मानाने वजन बेताचे हवे, म्हणजे त्याचा निर्देशांक २५ किंवा त्याहून कमी असावा. पासपोर्टच्या मुदतीची अट क्षुल्लक वाटते. परंतु शेवटच्या महिन्यात धावाधाव होते ती बहुधा तिच्यापायीच. नागरिकत्वाच्या अटीचा विचार गोव्यातील काही कुटुंबांनी विशेष करावा. पोर्तुगालचे नागरिकत्व आणि पासपोर्ट घेतलेला गोमंतकीय भारताच्या कायद्याप्रमाणे भारताचा नागरिक राहत नाही. त्याच्याजवळ परदेशस्थ भारतीयाचे कार्ड असले तरी परराष्ट्र मंत्रालयाच्या यात्रेत त्याला प्रवेश नाही. एकाच घरातील दोन भावांपैकी एकाचा अर्ज चालावा आणि दुसऱ्याचा चालू नये, असे ह्यामुळे होऊ शकते. दुसऱ्याला परदेशी प्रवासी म्हणून, स्वतंत्र परवान्यांनी, वेगळ्या वाटेनेच जावे लागेल.

निवड झालेल्या यात्रेकरूंना काही राज्य सरकारांनी अनुदानही दिलेले आहे. गुजरात आणि कर्नाटक यांची नावे त्यांत येतात. तेव्हा बडोद्याच्या किंवा बेळगावच्या यात्रेकरूने त्या त्या वर्षीची स्थिती आपल्या राज्याच्या कचेरीत विचारून घ्यावी.

निवड झाली, की कागद सुरू होतात. आणि त्यांतील तीन कागद घरात शांतपणे वाचावेत असे आहेत. पहिला हमीपत्राचा. तो मुद्रांकाच्या कागदावर करून नोटरीसमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर प्रमाणित करावा लागतो. वाटेत काही झाले तर सरकार जबाबदार नाही, हे त्याचे सार. दुसरा, प्रकृती बिघडल्यास हेलिकॉप्टरने हलविण्याविषयीचा. तिसरा कागद असा, की चीनच्या हद्दीत मृत्यू आल्यास तेथेच अंत्यसंस्कार करण्यास यात्रेकरूची संमती आहे.

हा तिसरा कागद पुष्कळ लोक सही करून पुढे सरकवितात. कैलासाच्या पायथ्याशी देह पडणे हे भाग्यच, असेही काही जण म्हणतात. म्हणणाऱ्याची श्रद्धा खरी असते. परंतु सही त्याची असली तरी तिचा अर्थ मागे राहणाऱ्यांना उलगडावयाचा असतो. इंदूरला किंवा ग्वाल्हेरला वाट पाहत बसलेल्या पत्नीला आणि मुलांना अखेरचे दर्शन होणार नाही. तेराव्याच्या आधी अस्थी तरी हाती येतील की नाही, ह्याची शाश्वती नाही. मृत्यूचा दाखला, विम्याचे पैसे, बँकेचे खाते ह्यांसाठी परदेशातील कागद मिळवावे लागतील. तेव्हा हा कागद घरातील मोठ्या मंडळींना दाखवून, समजावून, मगच त्यावर सही करणे बरे. आपल्याकडे मृत्यूची भाषा प्रस्थानाच्या वेळी अशुभ मानतात. इच्छापत्र करून ठेवणे, कोणती कागदपत्रे कोठे आहेत हे लिहून ठेवणे, ह्या गोष्टी त्या संकोचामुळे राहून जातात. पूर्वी काशीला निघालेला म्हातारा गावजेवण घालून, सर्वांचा निरोप घेऊन, देणीघेणी मिटवून निघत असे. त्याला ह्यात अशुभ काही वाटत नव्हते.

व्हिसाचा प्रकारही ध्यानात घेण्यासारखा आहे. तुकडीसाठी सामुदायिक व्हिसा मिळतो. एका कागदावर सर्वांची नावे, पासपोर्टचे क्रमांक आणि जन्मतारखा असतात. प्रत्येकाच्या पासपोर्टावर स्वतंत्र शिक्का नसतो. ह्याचा परिणाम असा, की यादीतील माणसे यादीच्या क्रमाने आत जातात आणि बरोबरच बाहेर येतात. ज्याला एक दिवस मागे राहून मानसरोवराच्या काठी जप करावासा वाटतो, त्याला ते शक्य नसते. खासगी प्रवासी संस्थांमार्फत नेपाळहून जाणाऱ्यांचे व्यवहारही असेच. काठमांडूच्या चिनी वकिलातीतून सामुदायिक व्हिसा काढला जातो; ज्याच्या पासपोर्टावर आधीच चीनचा वैयक्तिक व्हिसा असतो, त्याचा तो व्हिसा ह्या नव्या व्हिसामुळे रद्द होतो. व्यापाराच्या कामासाठी चीनला नेहमी जाणाऱ्या माणसाला हे महागात पडते. त्याने संस्थेला आधी विचारून ठेवावे. शिवाय तिबेटसाठी चीनच्या व्हिसावाचून निराळा परवाना लागतो आणि परदेशी माणसाला तेथे वाटाड्यावाचून, एकट्याने, हिंडता येत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, उठावाच्या स्मृतिदिनाच्या आगेमागे, तिबेट परदेशी प्रवाशांना बहुधा बंदच असते. यात्रेचा हंगाम उन्हाळ्यात असल्यामुळे भारतीयांना ह्याची झळ लागत नाही, इतकेच.

आता सामानाविषयी. दलाई लामांचे छायाचित्र, त्यांचे पुस्तक किंवा तिबेटचा जुना ध्वज ह्यांपैकी काहीही बरोबर नेऊ नये. भारतात ही पुस्तके रेल्वेस्थानकावरही मिळतात. ध्यानधारणेची आवड असलेल्या अनेक घरांत ती असतात आणि यात्रेला निघताना वाचनासाठी तेच पुस्तक उचलले जाते. चीनच्या चौकीवर ते पुस्तक राजकीय वस्तू ठरते. धर्मशाळेच्या जुन्या सहलीची छायाचित्रे भ्रमणध्वनीत राहिलेली असतात, तीही काढून टाकलेली बरी. भारताचा नकाशा छापलेली रोजनिशी हे दुसरे अनपेक्षित संकट. आपल्या नकाशात अक्साई चीन आणि अरुणाचल भारतात असतात. त्यांच्या नकाशात तसे नसतात. असा नकाशा जप्त होऊ शकतो. वाद घालणाऱ्याचा देशाभिमान कौतुकास्पद असला तरी त्याच्यामागे उभ्या असलेल्या एकोणपन्नास माणसांचा खोळंबा होतो. चौक्या, पूल, सैनिक, लष्करी वाहने यांची छायाचित्रे काढू नयेत. उपग्रहामार्फत बोलणारा दूरध्वनी, उडत्या यंत्रावरचा कॅमेरा, जमिनीची मोजणी करणारी उपकरणे ह्यांच्या वाटेस जाऊ नये. नैनसिंगाची आठवण त्या बाजूला अद्याप बुजलेली नाही, असे समजून चालावे.

अरुणाचल प्रदेशात जन्मलेल्यांची स्थिती वेगळी आणि अधिक अवघड आहे. चीनने तेथील रहिवाशांना पासपोर्टावर शिक्का न मारता सुट्या कागदावर व्हिसा टाचून दिल्याचे प्रसंग घडले आहेत. २०२३ साली तेथील खेळाडूंना असे व्हिसा मिळाल्यामुळे भारताने निषेध केला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये शांघायच्या विमानतळावर अरुणाचलात जन्मलेल्या एका भारतीय महिलेला कित्येक तास अडवून ठेवण्यात आले. ती चीनला जातही नव्हती. तेथे फक्त विमान बदलीत होती. अशा नागरिकाने दुसऱ्या देशाला जातानाही वाटेतला विमानतळ विचारपूर्वक निवडावा.

बोलण्याचाही एक प्रश्न आहे, आणि तो कायद्याहून अधिक विवेकाचा आहे. तिबेटी घोडेवाला, खानावळवाली किंवा वाटाड्या हे भारतातून आलेल्या माणसाकडे आपुलकीने पाहतात. कोणी दबक्या आवाजात धर्मशाळेविषयी विचारतो. यात्रेकरूला उत्तर देण्याचा मोह होतो. त्यात सहानुभूती असते. परंतु यात्रेकरू आठ-दहा दिवसांनी आपल्या देशात परत जाणार असतो आणि तो घोडेवाला तेथेच राहणार असतो. बोलण्याची शिक्षा व्हावयाची तर ती त्याला होते. आपल्या सहानुभूतीचा भार दुसऱ्याच्या डोक्यावर टाकण्याचा अधिकार पाहुण्याला नाही. घोड्याचे भाडे नीट द्यावे, त्याच्या मुलाबाळांची चौकशी करावी; राजकारण त्याने काढले तरी आपण वाढवू नये.

काही अडचण उद्भवल्यास मदत किती दूर आहे, तेही पाहून ठेवावे. ल्हासात आज नेपाळची वकिलात आहे, भारताची नाही. भारताचा राजदूत पेकिंगला, म्हणजे कैलासापासून तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर. परराष्ट्र मंत्रालयाच्या यात्रेत प्रत्येक तुकडीबरोबर एक सरकारी संपर्क अधिकारी असतो. त्याचे महत्त्व पुष्कळांना घरी परतेपर्यंत कळत नाही. खासगी तुकडीत असा कोणी नसतो. तेथे प्रवासी संस्थेचा माणूसच काय तो आधार. तेव्हा संस्था निवडताना जेवण शाकाहारी आहे की नाही, ह्याच्या आधी तिचा माणूस पलीकडे शेवटपर्यंत बरोबर राहणार आहे की सीमेवरून परतणार आहे, हे विचारले पाहिजे.

एवढे सारे झाल्यावर, खरा धोका राजकारणाचा की निसर्गाचा, असा प्रश्न उरतो. यात्रेच्या इतिहासातील सर्वांत मोठा घात ऑगस्ट १९९८ मध्ये मालपा येथे झाला. रात्री दरड कोसळून दोनशेंहून अधिक माणसे गेली. त्यांत साठ यात्रेकरू होते आणि नर्तकी प्रतिमा बेदी ह्याही होत्या. मालपा भारताच्या हद्दीत आहे. तेथे ना व्हिसाचा प्रश्न होता ना परक्या पहाऱ्याचा. आणि दर वर्षी जे भय प्रत्येक यात्रेकरूबरोबर चालते, ते विरळ हवेचे. मानसरोवर सुमारे ४,५९० मीटर उंचीवर आहे. कैलासाच्या ५२ किलोमीटरांच्या परिक्रमेत डोल्मा ला ही खिंड ५,६०० मीटरांच्याही वर जाते. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्मा असतो. एका श्वासात प्राणवायूही निम्माच. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. बसल्या जागी धाप लागली, पावले अडखळू लागली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू लागले असे समजावे. त्यावर खरा इलाज एकच आहे, आणि तो म्हणजे ताबडतोब खाली उतरणे.

येथेच निसर्ग आणि राजकारण एकत्र येतात. आपल्या बाजूच्या हिमालयात आजारी माणसाला खाली आणता येते, कारण खाली दरी असते. कैलासाच्या भोवती दरी नाही, पठार आहे. मैलोगणती जमीन चार हजार मीटरांच्या वरच. लवकर खाली यावयाचे म्हणजे सीमा ओलांडून यावयाचे. आणि सीमा दोन्ही बाजूंच्या परवानगीवाचून ओलांडता येत नाही. ज्याचे नाव सामुदायिक यादीत आहे त्याला एकट्याला बाहेर काढण्यासाठी निराळी लिखापढी करावी लागते. रोगाला लागणारे तास आणि लिखापढीला लागणारे तास ह्यांची शर्यत होते. दिल्लीतील वैद्यकीय तपासणी आणि गुंजी येथे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या डॉक्टरांनी केलेली दुसरी तपासणी ह्या दोन्हींचा कडकपणा ह्यासाठीच असतो. गुंजीहून परत पाठविलेला यात्रेकरू रडतो, डॉक्टरांना दोष देतो, वशिला लावू पाहतो. त्याला सीमेपलीकडे काय परिस्थिती आहे हे दिसत नसते. डॉक्टरांना दिसत असते. मधुमेह, रक्तदाब किंवा दमा लपवून तपासणीतून निसटणाऱ्याने ही शर्यत स्वतःच्या हाताने मांडलेली असते.

नेपाळमार्गे जाणाऱ्यांना ह्या बाबतीत अधिक जपावे लागते, कारण तेथे घाई फार. विमानाने सिमीकोटला, हेलिकॉप्टरने हिल्साला आणि मोटारीने थेट तिबेटात, असा प्रवास दोन-तीन दिवसांत उरकतो. शरीराला उंचीची सवय होण्यास सवड मिळत नाही. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकशास्त्राचा साधारण नियम आहे. स्वस्त आणि झटपट यात्रेच्या जाहिरातीत तो नियम प्रथम मोडलेला असतो. उंचीवरच्या त्रासासाठी गोळ्या मिळतात. त्या आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात, शेजाऱ्याच्या सल्ल्याने नव्हे. शिवाय ढग उतरले की विमाने बंद पडतात. जुलै २०१८ मध्ये सिमीकोट आणि हिल्सा येथे हजाराहून अधिक भारतीय यात्रेकरू असे अडकून पडले होते. रसुवागढीचा पूल ८ जुलै २०२५ रोजी पुरात वाहून गेला; त्याच वर्षी सप्टेंबरात नेपाळात उठाव होऊन काठमांडूचा विमानतळ काही काळ बंद राहिला. परतीच्या तारखेपुढे चार-सहा दिवस मोकळे ठेवावेत, अंगावर थोडे अधिक पैसे ठेवावेत आणि पासपोर्टच्या व यादीच्या नकला घरी ठेवूनच निघावे.

ज्यांची निवड होत नाही, ज्यांचे वय सत्तरीच्या पुढे गेले आहे किंवा ज्यांना पलीकडचा पहारा नको वाटतो, त्यांच्यासाठी अलीकडे एक निराळी सोय झाली आहे. पिठोरागढ जिल्ह्यात जुन्या लिपुलेख खिंडीजवळच्या उंचवट्यावरून कैलासाचे शिखर दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये यात्रेकरूंनी भारताच्या भूमीवर उभे राहून तेथून प्रथम दर्शन घेतले. पासपोर्ट लागत नाही, चिनी व्हिसा लागत नाही. उंची मात्र तेथेही पाच हजार मीटरांच्या वर आहे, तेव्हा प्रकृतीची अट सुटत नाही. आणि आपल्याच देशातील ह्या टोकाला जाण्यासाठी धारचुला येथील कचेरीतून सीमावर्ती प्रदेशाचा परवाना काढावाच लागतो. अर्ज, ओळखपत्र आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन सकाळी लवकर रांगेत उभे राहावे.